वीस हजार पास्कल म्हणजे नेमकं किती? व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात काय बदललं

ऑनलाइन सेल लागला की रोबोट व्हॅक्यूम क्लीनरच्या जाहिरातींत आकड्यांची चढाओढ सुरू होते. काही वर्षांपूर्वी २,००० पास्कल सक्शन म्हणजे कौतुकाची गोष्ट होती. मग ५,००० आले, ८,००० आले, आता २०,०००च्या वरचे आकडे खोक्यावर झळकतात. आणि ज्या कंपनीने हा बाजार उभा केला, त्या ‘रूम्बा’वाल्या अमेरिकन आयरोबोटने डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची यंत्रं बनवून देणारी चिनी कंपनी पिसिया हीच तिची मालक व्हायला पुढे आली.

ज्याला फक्त घरातली धूळ काढायची आहे, त्याने या सगळ्यातून काय समजायचं? माझं मत असं, की खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला आकडाच सगळ्यात कमी कामाचा आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यंत्रात खरोखर मोठे बदल झाले, पण ते मोटरमध्ये, गाळणीत, बॅटरीत आणि यंत्राला घर ‘दिसतं’ कसं यात झाले. त्यांतलं काहीच पास्कलमध्ये मोजलं जात नाही.

यंत्र धूळ ओढत नाही

शहाळ्यात नळी घालून आपण पाणी ओढतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण फक्त तोंडातला हवेचा दाब कमी करतो; पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या वातावरणाचा दाब. व्हॅक्यूम क्लीनरही एवढंच करतो. आतला पंखा हवा मागे फेकतो, आत दाब कमी होतो, बाहेरची हवा यंत्राच्या तोंडातून आत घुसते आणि घुसताना जमिनीवरची धूळ सोबत नेते. धूळ उचलते ती वाहती हवा.

आतल्या आणि बाहेरच्या दाबातला हा फरक पास्कल या एककात मोजतात. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो, म्हणजे कितीही महाग यंत्र घेतलं तरी त्याच्या सक्शनला तिथे छत आहे. २०,००० पास्कल म्हणजे नळीतून पाणी साधारण दोन मीटर चढवता येईल एवढा फरक. ऐकायला दणदणीत वाटतो, आणि तो खोटा असतो असंही नाही.

पण शहाळ्याची नळी मलईत रुतली की काय होतं ते आठवा. गाल आत जातात, जोर पुरेपूर लागतो, पाणी मात्र थेंबभरही येत नाही. कमाल पास्कलचा आकडा साधारण याच अवस्थेतला असतो: हवेची वाट बंद, प्रवाह शून्य, दाबातला फरक सगळ्यात जास्त. वाट मोकळी केली की हवा धावू लागते आणि दाबातला फरक घसरतो. यंत्र प्रत्यक्ष फरशीवर चालतं ते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. म्हणून एकटा दाब बघून काही कळत नाही; दाब आणि हवेचा प्रवाह यांचा गुणाकार बघावा लागतो. या गुणाकाराला ‘एअर वॅट’ म्हणतात. बहुतेक रोबोटांच्या खोक्यावर तो छापलेलाच नसतो.

थोडा हिशेब

रोबोटमध्ये बऱ्याचदा १४.४ व्होल्टची, ५,२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकार केला तर ती होते सुमारे ७५ वॅट-तास. पूर्ण जोरावर ती तासभर पुरते असं धरलं, तर सगळ्या यंत्राच्या वाट्याला ७५ वॅट येतात. आपल्या जुन्या छताच्या पंख्याला लागतात तेवढेच. त्यातच चाकं, ब्रश, लेझर आणि आतला छोटा संगणकही चालवायचा.

समजा, सक्शनच्या पंख्याला ५० वॅट मिळाले, आणि त्यातला कणही वाया गेला नाही (असं कधीच होत नाही, पण समजा). मग २०,००० पास्कलचा फरक टिकवून तो पंखा सेकंदाला फार तर अडीच लिटर हवा ओढू शकेल. भिंतीत प्लग लावून चालणारा जुना ड्रमसारखा व्हॅक्यूम क्लीनर घ्या. त्याचाही कमाल दाब वीस हजारांच्या घरातच असतो, पण तोंड मोकळं असताना तो सेकंदाला तीसेक लिटर हवा आत घेतो. दोन्ही खोक्यांवर एकच आकडा, आणि कामात जमीन-अस्मानाचा फरक.

मग वॅट बघून घ्यावा का?

तेही नको. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं. साफ किती करतं, हे त्यातून कळत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून १,६०० वॅटपेक्षा जास्त शक्तीच्या घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती मर्यादा ९०० वॅटवर आणली. पहिल्या टप्प्याच्या आधी ब्रिटनमध्ये लोकांनी जास्त वॅटची यंत्रं घेऊन ठेवायला दुकानं गाठली होती. आता घरं धुळीने भरणार असा सूर होता. तसं काही झालं नाही. कंपन्यांनी पंख्याची पाती, हवेचा मार्ग, तोंडाचा आकार सुधारला आणि कमी विजेत तेच काम होऊ लागलं. आधीचे बरेचसे वॅट उष्णता आणि आवाज यांतच जात होते.

मिक्सरची मोटर गेली, पंख्याची आली

या यंत्राची सुरुवात अवाढव्य होती. १९०१ मध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने बनवलेलं यंत्र घोडागाडीवर असायचं. ते रस्त्यात उभं करून लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले होते. घरात मावेल असं विजेवरचं यंत्र अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरी स्पँगलर या दम्याने बेजार झालेल्या सफाई कामगाराने जुळवलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि ते हक्क घेतले चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या विल्यम हूव्हरने. पुढचं जग त्या आडनावानेच ओळखतं.

त्यानंतरची कितीतरी दशकं आतली मोटर मात्र एकाच जातीची राहिली: आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये असते तीच. फिरत्या भागाला वीज पोचवायला तिच्यात कार्बनचे दोन तुकडे घासत राहतात. ते झिजतात, ठिणग्या पडतात, वास येतो, आणि एक दिवस ‘कार्बन बदलावे लागतील’ असं दुरुस्तीवाला सांगतो.

नव्या यंत्रांत ती जागा बीएलडीसी मोटरने घेतली. वीज कमी खाणाऱ्या छताच्या पंख्यांमुळे हे नाव आता घरोघरी माहीत आहे. तिच्यात घासणारं काही नसतं. चुंबक फिरतो आणि त्याच्या भोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांतली वीज एक चिप अचूक क्षणी बदलत राहते. झीज कमी आणि वेग अफाट. जुनी मोटर मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेरे घ्यायची, तर डायसन या कंपनीच्या काही हातातल्या यंत्रांतली सव्वा लाखापर्यंत जाते. या वेगाचा उपयोग असा, की पंखा छोटा असला तर तेवढाच दाब निर्माण करायला तो जास्त जोरात फिरावा लागतो. वेग वाढवता आला, म्हणून पंखा लहान झाला, आणि म्हणून पाच-सहा किलोचा ड्रम हातातल्या दांड्यावर येऊन बसला.

दुसरा निम्मा बदल लिथियम-आयन बॅटरीचा. वायर नसलेला छोटा क्लीनर नवा नाही; ब्लॅक अँड डेकरचा ‘डस्टबस्टर’ १९७९ चा. पण त्या काळच्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये टेबलावरचा चुरा उचलण्यापुरताच जीव असे. आता दांडीवाला कॉर्डलेस क्लीनर पूर्ण घर काढतो. फक्त खोक्यावरचे ‘६० मिनिटं’ हे सगळ्यात हळू वेगावरचे असतात. पूर्ण जोर लावला तर बरीच यंत्रं दहा मिनिटांच्या आसपास माना टाकतात.

पिशवी गेली, आणि मागच्या दाराने परत आली

जुन्या यंत्रात हवा कापडाच्या किंवा कागदाच्या पिशवीतून बाहेर पडायची. धूळ आत अडकायची, पण तीच धूळ पिशवीची छिद्रं बुजवत जायची. पिशवी अर्धी भरली की यंत्र गुरगुरायचं भरपूर आणि उचलायचं थोडं.

जेम्स डायसन या इंग्रज माणसाने यावरचं उत्तर लाकूड कापण्याच्या कारखान्याकडून घेतलं. आपल्याकडेही एमआयडीसीतल्या काही कारखान्यांवर पत्र्याचे मोठे, खाली निमुळते होत गेलेले शंकू दिसतात. त्यांना सायक्लोन म्हणतात. त्यात हवा गरागरा फिरवतात. धूळ हवेपेक्षा जड असल्यामुळे बाहेर फेकली जाऊन भिंतीला लागते आणि खाली साठते, हवा मधून वर निघून जाते. छिद्रंच नाहीत, तर बुजणार काय? हे घरगुती आकारात बसवायला त्याने ५,१२७ नमुने केले. यंत्र आधी जपानमध्ये विकलं गेलं आणि १९९३ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावाने ब्रिटनमध्ये आलं.

सायक्लोनला अगदी बारीक धूळ मात्र पकडता येत नाही. तिथे ‘हेपा’ गाळणी लागते. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवणारा, आडव्यातिडव्या बारीक तंतूंचा फिल्टर. (आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो.) ०.३ हा आकडा का? कारण नेमक्या याच आकाराचे कण पकडायला सगळ्यात अवघड. त्याहून मोठे कण तंतूंवर आदळतात. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात इतके भरकटतात, की तेही कुठे ना कुठे चिकटतात. मधलेच सुटतात.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. ‘हेपा-टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ असं लिहिलं असेल तर तो हेपा नव्हे. आणि फिल्टर अस्सल असला, तरी यंत्राच्या सांध्यांमधून हवा निसटत असेल तर बारीक धूळ एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने खोलीत परत येते. फूलझाडूने झाडताना उन्हाच्या तिरिपेत जी धूळ नाचताना दिसते, तिचाच बारीक भाग.

दम्याचा किंवा धुळीच्या ॲलर्जीचा माणूस घरात असेल, तर मी पिशवीवालं यंत्र आजही वरचढ मानतो. सायक्लोनचा डबा कचऱ्याच्या बादलीत उलटा केला की त्या क्षणी उडणारा ढग नाकातोंडात जातो. आजची कृत्रिम कापडाची पिशवी तोंड बंद करून तशीच टाकता येते. गंमत म्हणजे रोबोटचा डबा आपोआप रिकामा करणारे जे नवे डॉक (रोबोट चार्जिंगला जाऊन बसतो ती जागा) आले आहेत, त्यांतल्या बऱ्याच डॉकमध्ये पुन्हा पिशवीच आहे, आणि ती अधूनमधून विकत घ्यावी लागते.

धडकत फिरण्यापासून नकाशापर्यंत

इतक्या कमी शक्तीचा रोबोट घर साफ कसा ठेवतो, हा प्रश्न वरच्या हिशेबानंतर उरतोच. ठेवतो, कारण त्याचा फिरता ब्रश कचरा तोंडापर्यंत आणतो, गुळगुळीत फरशीवर धूळ उचलायला फार जोर लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तो न कंटाळता रोज फिरतो. त्याचं सगळं मोल कुठून गेलो आणि कुठून जायचं राहिलं हे लक्षात ठेवण्यात आहे.

सुरुवातीला हे त्याला येत नव्हतं. इलेक्ट्रोलक्सचा ‘ट्रिलोबाइट’ २००१ मध्ये बाजारात आला आणि आयरोबोटची रूम्बा २००२ मध्ये. ती रूम्बा गोल गोल फिरायची, भिंतीच्या कडेने जायची, आदळली की वळायची. नकाशा नव्हताच. पुरेसा वेळ दिला तर बहुतेक जागा झाकली जाईल, या भरवशावर सगळं. एक कोपरा पाच वेळा निघायचा, दुसरा राहून जायचा.

२०१० मध्ये नीटो या कंपनीने घरगुती रोबोटच्या डोक्यावर फिरता लेझर बसवला. याला लायडार म्हणतात. तो सेकंदाला काही वेळा पूर्ण गोल फिरून डोळ्यांना न दिसणारा किरण सोडतो आणि तो कुठून परत आला यावरून चहूबाजूंची अंतरं मोजतो. त्या अंतरांतून रोबोट नकाशा काढतो, आणि त्याच अर्धवट नकाशात ‘मी आत्ता कुठे आहे’ हेही शोधतो. दोन्ही एकाच वेळी, कारण एकाशिवाय दुसरं ठरत नाही. या जुगलबंदीलाच अभियंते ‘स्लॅम’ म्हणतात. काही कंपन्यांनी, त्यात २०१५ ची रूम्बाही आली, हेच काम कॅमेऱ्याने करून दाखवलं.

लायडारच्या मर्यादा कळल्या की रोबोटचे वरवर वेडगळ वाटणारे खेळ समजतात. त्याचा किरण जमिनीपासून साधारण अर्ध्या वितीच्या उंचीवर एकाच पातळीत फिरतो. सोफ्याचा पाय त्याला दिसतो. जमिनीवर पसरलेली चार्जरची वायर, सपाट पायपुसणं, लहान मुलाची चप्पल दिसत नाही. म्हणून महागड्या यंत्रांत पुढच्या बाजूला आणखी एक कॅमेरा आणि वस्तू ओळखणारी प्रणाली असते. कपाटाच्या पूर्ण उंचीच्या आरशापुढे लायडार फसतो, त्याला खोली पुढेही चालू आहे असं वाटतं.

आपल्या घरांतली खास अडचण वेगळीच. जिन्यावरून पडू नये म्हणून रोबोटच्या पोटाशी खाली बघणारे सेन्सर असतात. ते अवरक्त किरण सोडतात; किरण परतला नाही तर पुढे खड्डा आहे असं समजून रोबोट मागे फिरतो. काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट हा किरण गिळून टाकतो. त्यामुळे दारातली काळी पट्टी काही रोबोटांना दरीच वाटते, आणि ते स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. उंबऱ्याचंही तसंच, साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत बहुतेक यंत्रं चढतात, नवी काही त्याहून जास्त. घेण्याआधी टेपने उंबरा मोजा, तसंच दिवाणाखालची उंचीही. आणि सणाच्या दिवशी वेळापत्रक बंद ठेवा. दारातली रांगोळी आणि धूळ यातला फरक अजून कोणत्याही सेन्सरला कळत नाही, आणि ऐन दिवेलागणीला घरभर केर काढत फिरणारं यंत्र आजीला कसं समजावणार!

‘आमच्याकडे मावशी येतात की’

हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो. ही यंत्रं घडली ती भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे असलेल्या घरांसाठी. गालिचा झटकता येत नाही, धुता येत नाही, म्हणून त्यातून धूळ उपसणं हाच त्यांचा जन्माचा उद्देश. आपल्याकडे फरशी. ती झाडायला झाडू पुरतो, आणि पुसल्याशिवाय आपल्याला घर स्वच्छ वाटतच नाही. युरेका फोर्ब्सचे टायवाले विक्रेते १९८० च्या दशकापासून दारोदार फिरून गादीतली धूळ काढून दाखवायचे, ते यामुळेच. त्यांनी आणलेले कितीतरी क्लीनर नंतर माळ्यावर गेले.

बदल झाला तो यंत्र पुसायलाही लागलं तेव्हा. आताचे रोबोट फिरती फडकी लावून पुसतात, आणि महागडे डॉक ती फडकी गरम पाण्याने धुऊन गरम हवेने वाळवतात. ही वाळवण्याची सोय मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चैन म्हणता येत नाही. ओलं फडकं डॉकमध्ये राहिलं की दुसऱ्या दिवशी घरभर कुबट वास. एवढं असूनही ओट्याखालचा तेलकट थर किंवा हळदीचा वाळलेला डाग मावशींचा हात जसा काढतो तसा रोबोट काढत नाही. टाकीत फिनाईल ओतू नका; बहुतेक कंपन्या आपापलंच द्रावण वापरायला सांगतात.

म्हणून मला वाटतं, मदतीला माणूस मिळत असेल तर पंधरा-वीस हजारांपासून लाखापर्यंतचा हा खर्च गरजेचा नाही. गाद्या, पडदे, पंखे, गाडीच्या सीट यांसाठी साधा हातातला किंवा वायरवाला क्लीनर जास्त उपयोगी. रोबोटची खरी सोय आहे ती दोघंही दिवसभर बाहेर असलेल्या, पाळीव प्राणी असलेल्या किंवा वाकणं जमत नाही अशा घरांत.

घराचा नकाशा जातो कुठे?

ज्या यंत्राला घर दिसतं, ते दिसलेलं कुठेतरी साठवतंही. २०२० मध्ये चाचणीसाठी दिलेल्या रूम्बांनी टिपलेली काही छायाचित्रं, त्यात शौचालयात बसलेल्या एका बाईचंही, समाजमाध्यमांवरच्या गटांत पोचली होती. चित्रांतल्या वस्तूंना नावं देण्याचं काम ज्या कंत्राटी कामगारांकडे होतं, त्यांच्याकडून ती बाहेर पडली. हे डिसेंबर २०२२ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने उघड केलं. ती विक्रीची यंत्रं नव्हती आणि वापरणाऱ्यांनी माहिती द्यायला संमती दिली होती, असा कंपनीचा खुलासा होता. २०२४ मध्ये अमेरिकेत इकोव्हॅक्स या कंपनीच्या काही रोबोटांचा ताबा परक्यांनी घेतला आणि त्यांच्या स्पीकरमधून घरच्यांना शिवीगाळ केली.

ज्याला हे नको, त्याने कॅमेरा नसलेला, फक्त लायडारवाला रोबोट घ्यावा. त्याच्याकडे घराचा आराखडा असतो, चेहरे नसतात. ॲपमधून नकाशा क्लाउडवर न पाठवण्याचा पर्याय आहे का, तेही बघावं.

कंपनीच बुडाली तर?

आयरोबोटच्या बातमीतला आपल्या कामाचा भाग हाच. ॲमेझॉनने ऑगस्ट २०२२ मध्ये ही कंपनी सुमारे १.७ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं होतं. युरोपातल्या नियामकांच्या हरकतींमुळे जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार मोडला, आणि स्वस्त चिनी स्पर्धेपुढे कंपनी सावरली नाही. लायडार घराघरात आणणारी नीटो तर २०२३ मध्येच बंद झाली होती. तिच्या रोबोटांची क्लाउड सेवा २०२५ मध्ये थांबली. धडधाकट मोटर, शाबूत लेझर, पण ॲप मुकं. यंत्र आता फक्त अंगावरचं बटण दाबून सुरू करता येतं.

म्हणून दुकानात पास्कलऐवजी वेगळ्या गोष्टी विचारा. इंटरनेट बंद असताना यंत्र काय काय करतं? बॅटरी चार स्क्रू काढून बदलता येते का, आणि ती सुटी मिळते का? फिल्टर, ब्रश आणि डॉकच्या पिशवीचा वर्षाचा खर्च किती? तुमच्या गावात, निदान जिल्ह्याच्या ठिकाणी, सर्व्हिस सेंटर आहे का? जुनी लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, दाबली गेली तर ती पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा ती परत कुठे द्यायची हेही त्याच दुकानदाराला विचारून ठेवा.